कोणत्या ब्रँडचं व्हॅक्युम जास्त ओढते? पिशवी अर्धी भरल्यावर पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की वणीच्या अलीकडे गावात घर, पुढच्या दोन खोल्यांत कोटा फरशी, मागच्या खोलीत दिवाळीपासून पार होळीपर्यंत कापूस भरून राहते, दारावरून दिवसभर कोळशाचे ट्रक, आईला दमा, बजेट दहा हजाराच्या आसपास, आणि युरेका फोर्ब्स, कार्चर, आगारो, फिलिप्स यांच्यात सफाईला भारी कोण, आणि डायसनचं जे एवढं नाव आहे ते खरं आहे का. माझं मोटर वाइंडिंग आणि घरगुती मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे. मिक्सर, कूलर, पाण्याच्या मोटरी हे मुख्य काम, पण व्हॅक्युम क्लिनरही बरेच येतात, आणि ते येतात बंद पडल्यावर, म्हणजे वर्ष-दोन वर्ष खऱ्या घरात वापरून झाल्यावर. त्यामुळे शोरूममध्ये ते कसं चालते यापेक्षा आपल्या इकडचा गर्दा पोटात गेल्यावर त्याचं काय होते हे मला जास्त माहीत आहे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नवीन मशीन, रिकामी पिशवी, धुतलेला फिल्टर अशा अवस्थेत तुम्ही नाव घेतलेले सगळेच ब्रँड कोटा फरशीवर जवळपास सारखं साफ करतात, डोळ्याला फरक कळत नाही. फरक पडते पिशवी किंवा डबा अर्धा भरल्यावर. तिथं काही मशीन तशीच ओढत राहते आणि काही नुसती आवाज करते. म्हणून ब्रँडची तुलना करायची तर अर्ध्या भरलेल्या पिशवीवर करा, बाकी सगळं जाहिरातीचं काम आहे.

आता वॅटचं पाहू काहून की सगळे तिथंच फसतात. खोक्यावर १६०० वॅट लिहिलं म्हणजे मशीन लाइन किती खाते ते लिहिलं, कचरा किती उचलते ते नाही. युरोपात तर सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्युमला ९०० वॅटच्या वर परवानगीच नाही, त्याआधी २०१४ पासून मर्यादा १६०० ची होती. आणि एवढ्या कमी वॅटमध्ये तिथं अट काय, तर फटी असलेल्या टणक फरशीवरून कमीत कमी ९८ टक्के आणि गालिच्यावरून ७५ टक्के धूळ उचलली गेलीच पाहिजे, आवाज ८० डेसिबलच्या वर जायला नको. म्हणजे ९०० वॅटमध्ये हे होते. मग आपल्याकडे १४०० आणि १६०० वर मारामारी कशाची चालू आहे? चांगला पंखा, चांगली रबरी सील, बरोबर डिझाइनचं तोंड याला खर्च लागते, मोठी मोटर टाकून खोक्यावर मोठा आकडा छापणं त्यापेक्षा स्वस्त पडते, एवढंच.

युरोपाचीच अजून एक गोष्ट सांगतो, ती आपल्या मुद्द्याची आहे. तिथं व्हॅक्युम क्लिनरवर आपल्या फ्रिजच्या स्टारसारखं लेबल लावायचे, सफाई किती चांगली याची ए बी सी डी अशी ग्रेड. डायसन कोर्टात गेलं, म्हणणं असं की ही टेस्ट तुम्ही रिकाम्या पिशवीवर घेता, घरात कोणाची पिशवी रिकामी राहते, धूळ भरल्यावर ओढ किती कमी होते ते ग्राहकाला कळूच नाही देत तुम्ही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोर्टानं ते मानलं आणि लेबलचा नियमच रद्द केला, जानेवारी २०१९ पासून लेबल गेलं. डायसनचा त्यात स्वार्थ होताच, त्यांच्या मशीनला पिशवीच नसते, पण मुद्दा बरोबर होता आणि आपल्या इकडच्या मातीला तर शंभर टक्के लागू आहे.

त्याच लेबलात एक गंमत होती, टणक फरशीच्या परीक्षेत ए ग्रेड पाहिजे असेल तर १११ टक्के धूळ उचलावी लागायची. शंभराच्या वर कसं काय? तर ती धूळ फरशीच्या फटीत भरलेली राहायची, आणि चांगलं मशीन आपल्या तोंडाच्या रुंदीच्या बाहेरची, बाजूच्या फटीतली धूळसुद्धा ओढून घ्यायचं. तुमच्या कोटा फरशीच्या सांध्यांत हेच पाहायचं आहे, मधली फरशी तर फडासुद्धा साफ करते.

मग किलोपास्कल. व्हिडिओत पाहता ना तुम्ही, पाइपानं वीट उचलून दाखवतात, २० किलोपास्कल, २१ किलोपास्कल. २० किलोपास्कल म्हणजे साधारण दोन मीटर उंच पाणी ओढून धरेल एवढा जोर, खोटं नाही ते, पण तो जोर पाइपाचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा आहे, आणि तोंड बंद म्हणजे आत हवा वाहतच नाही, आणि हवा वाहत नाही तर कचरा कशावर बसून जाईल? उफणताना तुम्ही पाहिलंच असेल, वारा पडला की कुटार दाण्यातच पडते, वारा सुटला की दूर जाते, तसंच आतमध्ये कचरा वाहून नेते ती हवा, जोर फक्त ती हवा बारीक फटीतून खेचायला लागते. दोन्ही पाहिजे. जोर आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे एअर वॅट, आणि तोच खरा कामाचा आकडा, पण आपल्याकडच्या बहुतेक खोक्यांवर तो छापतच नाहीत. छापला असेल तर मी आधी तो पाहतो. नसेल तर पाइप पाहा. ३२ मिलिमीटरचा पाइप आणि ३५ चा पाइप हातात घेतला तर सारखाच वाटते, पण ३५ च्या पाइपात आतली जागा साधारण वीस टक्के जास्त निघते, कापसाचा गोळा अडकणं आणि सरकून जाणं यातला फरक तेवढाच असते कधीकधी.

रोबोटचं तुम्ही विचारलं नाही पण कोणीतरी विचारेलच म्हणून, त्यातल्या काहींवर ४००० पास्कल लिहिलेलं राहते म्हणजे ४ किलोपास्कल, बादलीवाल्याच्या, म्हणजे ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या बादलीसारख्या वेट-ड्राय मशीनच्या, पाचवा हिस्सा. शहरातल्या गुळगुळीत टाइल्सवर रोज फिरवायला बरं आहे, आपल्या उंबरठ्याच्या घरात ते एका खोलीतच फिरून फिरून थकते.

आता खरा विषय, आपला गर्दा. ब्रँड तुलना करणारे लोक पुण्या-मुंबईत बसून कॉर्नफ्लेक्स, तांदूळ आणि बेसन सांडून दाखवतात. बेसन ठीक आहे, पण आपल्याकडे घरात तीन वेगवेगळ्या प्रकारचा माल येते आणि तिन्ही मशीनला वेगवेगळ्या ठिकाणी मारतात.

पहिला माल काळ्या मातीचा फुफाटा. आपली काळी माती म्हणजे चिकणमातीच, आणि चिकणमातीचा कण शास्त्रात दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक धरतात, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान. घरात सगळे कण एवढे सुटे येत नाहीत, ढेकळाचे बारीक दाणे होऊन येतात, पण त्यातला जो सुटा असते तो कापडी पिशवीतून सरळ पार होते आणि मागच्या जाळीतून परत घरात. दुसरा माल कोळशाची काजळी, ती फिल्टरच्या घड्यांत अशी बसते की झटकून निघत नाही. आणि तिसरा कापूस. कापसाचे तंतू, कवडी, वाळलेल्या पानाचा चुरा, सरकी. हे बारीक नाही पण गुंततात.

सायक्लोनवालं मशीन म्हणजे बिनपिशवीचं, फिलिप्सचे बरेच मॉडेल असे आहेत, डायसनचे तर सगळे, त्यात हवा गोल फिरवून धूळ भिंतीकडे फेकतात आणि ती खाली पडते. मातीचे दाणे, वाळू, सरकी याला एकदम भारी, फिल्टरला हातसुद्धा लागू देत नाही. पण मधात जी भोकाभोकाची जाळी असते तिला कापसाचे तंतू लपेटतात. माझ्याकडे अशी एक मशीन आली होती, नाव नाही सांगत, घरच्यांची तक्रार की मोटर गेली. डब्याचं झाकण काढलं तर जाळीभोवती बोटभर जाड नमदा तयार झालेला, कात्रीनं उभा चिरून काढला तेव्हा एका तुकड्यात टोपीसारखा निघाला, आणि मोटर ठणठणीत. हवा जायला जागाच नव्हती बिचारीला.

पिशवीत उलटं होते. कापसाचे तंतू पिशवीच्या आत थर धरतात आणि तो थरच बारीक धूळ अडवते, पिशवीची भोकं उशिरा बुजतात. कापूसवाल्या घरातून आलेली फ्लीसची, म्हणजे न विणलेल्या जाड कापडासारख्या थरांची, पिशवी उघडून पाहा, आत गादीसारखा पापुद्रा राहते आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पिशवी बऱ्यापैकी स्वच्छ. पण त्याच मशीननं नुसती काजळी आणि फुफाटा ओढला तर कागदी पिशवी पाव भरायच्या आत गुदमरते, बाहेरून रिकामी दिसते आणि ओढ गेलेली. लोकांना वाटते मशीन बिघडली. कागदीपेक्षा फ्लीसची पिशवी जास्त वेळ श्वास घेते. महाग पडते, पण आपल्या इकडे तीच घ्यायची.

गुदमरलेली मशीन ओळखायची खूण सांगतो. आवाज बारीक आणि तीक्ष्ण होते. लोकांना वाटते जोर वाढला, तसं नसते, हवा कमी झाल्यामुळं पंख्यावरचा भार उतरते आणि मोटर जास्त फेरे घेते. त्यातून साध्या घरगुती मशीनची मोटर थंड होते तीच ओढलेल्या हवेनं, ती बंद झाली की मोटर तापते, नशीब चांगलं असेल तर थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर मशीन बंद करणारा स्विच, लाइन तोडते, नाही तर मोटरीतल्या कार्बन ब्रशपासून वास सुरू. वेट-ड्राय बादलीत मोटर थंड करायला वेगळी हवा घेतात काहून की ओली हवा मोटरीतून नेता येत नाही, म्हणून ती आपल्या हाणामारीत जास्त टिकते. ब्रँड कोणताही असो हा फरक राहतोच.

तोंडाकडे, म्हणजे फरशीवर फिरते त्या ब्रशकडे, घेताना कोणी पाहत नाही आणि सफाईचा अर्धा निकाल तिथंच लागते. ब्रशवर पायानं दाबायची पट्टी असते, दाबलं की केसांची झालर खाली येते, ती फरशीसाठी, वर केली की गालिच्यासाठी. झालर खाली असताना पुढच्या बाजूला मधे मधे खाचा आहेत का पाहा. खाचा नसल्या तर बारीक धूळ मस्त जाते पण सरकी, तुरीचा दाणा, गव्हाचं काड पुढं पुढं ढकलत नेते आणि तुम्ही उचललं की मागं पडते. खाचा फार मोठ्या असल्या तर हवा तिथूनच शिरते आणि सांध्यातली धूळ तशीच राहते. ब्रश उलटा करून खालची प्लेट फरशीला सरळ टेकते का, डुगडुगते का, तेही दुकानातच पाहून घ्या. मी तर साध्या मशीनला चांगला ब्रश वेगळा घेऊन लावून देतो, ३२ आणि ३५ दोन्ही साइजला बसणारे मिळतात, आणि गिऱ्हाईक म्हणते भाऊ मोटर बदलली का.

डायसनवर येतो. त्यांनी भारतात विक्री २०१८ मध्ये सुरू केली. गुळगुळीत फरशीसाठी त्यांचा मऊ रोलर येते, कापडाचा जाड लाटण्यासारखा फिरणारा, तो मोठा कणही गिळते आणि बारीक धूळही पुसून उचलते, आणि काही मॉडेलवर, व्ही १५ सारख्या, हिरवा उजेड पडते जमिनीलगत, त्यात अशी धूळ दिसते की स्वतःच्या घराची लाज वाटावी. फरशीच्या सफाईत मी हात लावलेल्या कॉर्डलेसमध्ये याच्या पुढं काही नाही, सरळ सांगतो. पण त्यांच्याच व्ही ८ मॉडेलचा डबा अर्ध्या लिटरपेक्षा थोडासाच जास्त, तुमच्या कापसाच्या खोलीत दोन वेळा इकडून तिकडं केलं की भरला. जास्तीत जास्त जोरावर त्या मॉडेलची बॅटरी सात मिनिटं चालते, कंपनीच तसं सांगते. रोलरवर तंतू गुंडाळतात, टोकाच्या टोपीत जाऊन बसतात. आणि किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी पट. आईच्या खोलीपुरतं, पैसा असेल तर जोडीला जरूर घ्या. कापसाच्या खोलीत नका नेऊ.

युरेका फोर्ब्सचं आपल्याकडे काय आहे, की १९८२ मध्ये टाटांची फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून ती कंपनी काढली आणि टाय लावलेले सेल्समन दारोदार पाठवले, त्यामुळं जुने लोक कोणत्याही व्हॅक्युमला युरेकाच म्हणतात. तो डेमो आठवते का, गादीवर पाइप फिरवायचा, मधे एक फडकं लावायचं, मग काढून दाखवायचं, त्यावर धुळीचं काळं गोल, आणि घरची बाई हबकून जायची. आता ते गोल कोणत्याही मशीननं निघते, आठशे वॅटच्या हातातल्यानंसुद्धा. त्यातून तुमची गादी घाण आहे हे सिद्ध होते, मशीन चांगली आहे हे नाही. आज डेमोला कोणी आलं तर त्याला म्हणा, भाऊ, तुमचं मशीन भरलेल्या पिशवीवर दाखवा.

वस्तू म्हणून युरेका फोर्ब्सचं वेट-ड्रायवालं मॉडेल तुमच्या कामाचं आहे, १४०० वॅट, २० किलोपास्कलचा दावा, मोठी टाकी. आगारोचं १६०० वॅटचं २१ लिटरवालं त्याच जातीचं. कार्चर जर्मनीची जुनी कंपनी, १९३५ ची, तिचं मुख्य काम सफाईच्या मशीनचंच, डब्ल्यूडी ३ म्हणून १००० वॅटची बादली येते १७ लिटरची. आकड्यानं पाहिलं तर कार्चर सगळ्यात कमजोर वाटेल, आणि इथंच वॅटवाले फसतात. तिचा पाइप ३५ चा आहे, घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर आहे म्हणजे हवा जायला जागा जास्त, सोबत फ्लीसची पिशवी बसते, तर अर्धी भरल्यावरही ओढ टिकून राहते, कोरड्या धुळीला मला ती बरोबरीची, कधी थोडी वरचढच वाटली. १६०० वाल्याचा फायदा तुम्हाला पाणी उचलताना, नाही तर मागून हवा फेकताना दिसेल. त्या ब्लोअरनं ट्रॅक्टरच्या रेडिएटरवरचं कुटार आणि कूलरच्या मोटरीवरचा गर्दा असा उडते की ते एकच काम पैसे वसूल करते, हे आपलं जाता जाता.

फिलिप्सचं सायक्लोनवालं कॅनिस्टर, म्हणजे पाइपानं मागं ओढत न्यायचं चाकाचं मशीन, टाइल्सच्या घराला, गालिचा-सोफा असलेल्यांना चांगलं, आवाजही बादलीपेक्षा कमी. तुमच्या पुढच्या दोन खोल्याच असत्या तर मी तेच म्हटलं असतं. कापसामुळं नाही म्हणून राहिलो.

माझ्यावर भरवसा ठेवू नका, घरी टेस्ट करा, दुकानदार ओळखीचा असेल तर दोन मशीन एक दिवस आणून. वावरातली माती दोन दिवस उन्हात वाळवून मैद्याच्या चाळणीनं चाळा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर शंभर ग्रॅम मोजा, त्यात चिमूट-दोन चिमूट कापूस बोटानं पिंजून टाका. फरशीच्या सांध्यावरून हातभर रुंद पट्ट्यात पसरा, सांधा भरला पाहिजे. मग ब्रश हळू, एकाच वेगानं, मोजून पाच वेळा पुढं-मागं. घाई करू नका, हळू फिरवलं तर कोणतंही मशीन चांगलं वाटते आणि घाईनं कोणतंही वाईट, म्हणून दोघांनाही सारखाच वेग द्या. नंतर पिशवी किंवा डबा आधीच्या वजनाशी ताडून पाहा आणि सांध्यातून ओलं पांढरं फडकं ओढा. इथवर दोघं सारखे येतील. आता दोघांनाही तीच माती अर्धा किलो खायला घाला आणि पुन्हा तीच टेस्ट. आता जो फरक दिसेल तो तुमच्या घरातला फरक.

आणि टेस्ट दोघांची एकाच वेळेला करा, एकाची सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी नको. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर आलं तर या मोटरीची ताकद साधारण साठ टक्क्यांवर येते, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं ती घसरते, मग तुम्ही ब्रँडला शिव्या देता आणि चूक लाइनची असते. इन्व्हर्टरवर तर लावूच नका, घरगुती ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला १००० वॅटची बादलीसुद्धा झेपत नाही.

आईच्या दम्याचं वेगळं सांगतो काहून की तिथं सफाई म्हणजे फरशी चकचकीत होणं नाही, बारीक धूळ परत हवेत न येणं. हेपा म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर, त्यातला एच १३ ग्रेड म्हणजे सगळ्यात अवघड आकाराचे कण घेतले तरी ९९.९५ टक्के अडवायचे, पण खोक्यावर नुसतं हेपा लिहिलं आणि पुढं ग्रेड नाही तर त्यावर जाऊ नका. आणि फिल्टर खरा असला तरी त्याच्या भोवतीचं रबर नीट बसत नसेल तर हवा बाजूनं निघून जाते, फिल्टर नुसता शोभेला. हे तपासायचं सोपं आहे, रात्री लाइट बंद करून मशीन चालू करा, थोडी माती ओढू द्या आणि जिथून हवा बाहेर निघते तिथं आडवा टॉर्च मारा. उजेडात कण नाचताना दिसले तर ती मशीन तुमच्या आईसाठी नाही, मग ती कोणाची का असेना. बादलीवाल्या बऱ्याच मशीन या टेस्टला नापास होतात, नुसती कापडी पिशवी लावली तर जवळपास सगळ्याच, फ्लीसची पिशवी आणि मागं कार्ट्रिज असं दोन्ही लावलं की बरंच सुधरते. अजून एक, बादलीची मागची हवा जोरात निघते आणि खाटेखालचा गर्दा उडवते, म्हणून बादली दाराबाहेर वट्ट्यावर ठेवा आणि पाइपच आत न्या. आई त्या वेळेला घरात नको, आणि पिशवी काढायचं काम त्यांच्याकडून करून घेऊ नका, बिनपिशवीचा डबा झटकताना जो ढग उठते त्यानं सगळ्या सफाईवर पाणी पडते, दम्यावाल्याच्या घरात मुख्य मशीन पिशवीवालंच घ्यायचं ते यासाठी.

कापसाच्या खोलीतही बादली बाहेरच. या मोटरीत कार्बन ब्रश असतात, फिरताना बारीक ठिणग्या पडतातच, ब्रश झिजले की जास्त, आणि आजूबाजूला मोकळे तंतू उडत असले तर ते बरोबर नाही. कापूस विकून खोली रिकामी झाल्यावरच मशीन लावा, त्याआधी अंगाला खाज सुटते म्हणून गंजीच्या कडेकडेनं ओढत बसू नका, दोन मिनिटात पाइप जाम. चुलीची राख थंड झाली असं वाटलं तरी ओढू नका, आत निखारा असला तर पिशवी पेटायला वेळ लागत नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोणताच ब्रँड नाही चालवायचा, सारवणच उचलून नेते, तिथं खराटाच.

फिल्टर धुण्याबद्दल एक राहून गेलं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, धुतलेला फिल्टर वाळला की घड्यांत पांढरी पुटं धरतात आणि भोकं तिथूनच बुजायला लागतात, मग लोक म्हणतात धुतल्यावर ओढ कमी झाली. शेवटचं खंगाळणं आरओच्या नाही तर पावसाच्या पाण्यात करा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय, पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी, परत बसवू नका, ओल्या फिल्टरवर काळी माती गेली की चिखलच होते आणि तो मग जिंदगीत निघत नाही. धुवायचा नाही असा फिल्टरही असते, त्यावर लिहिलेलं राहते, तो धुतला की कामातून गेला.

तर तुमच्यासाठी माझं मत, बादलीवालं वेट-ड्राय, कार्चर डब्ल्यूडी ३ किंवा युरेका फोर्ब्सचं १४०० वालं, यातलं ज्याची फ्लीसची पिशवी आणि फिल्टर वणीत नाही तर यवतमाळ-चंद्रपूरला हमखास मिळते ते. पाणी उचलायचं, ट्रॅक्टर-कूलरला हवा मारायची असं काम जास्त असेल तर आगारो चालेल, पण पिशवीची सोय आधी पाहून. उरलेल्या पैशात खाचा असलेला चांगला फरशीचा ब्रश आणि आईच्या गादीसाठी चपटं तोंड. गादीवर एका वितीला चार-पाच सेकंद एवढं हळू फिरवायचं, गादी उन्हात टाकून झाल्यावर.

ऑनलाइन घेतलं तरी चालते, फक्त ऑर्डर करायच्या आधी त्या मॉडेलच्या पिशवीचा नंबर शोधा आणि पिशव्यांचं एक पाकीट मशीनसोबतच मागवून घ्या. मशीन मिळते आणि पिशवी मिळत नाही म्हणून कापडाची शिवून लावलेल्या मशीन माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येतात.